सेकिरो, हॉलो नाइट की सेलेस्ट: कोणत्या गेममध्ये कुठे डोकं फिरतं

माझा भाचा नागपुरात मानेवाड्याला राहतो. बारावीची परीक्षा झाली, लॅपटॉप हातात आला, आणि साठवलेल्या पैशांतून त्याला स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, एकच गेम घ्यायचा आहे. यादीत तीन नावं आहेत: सेकिरो, हॉलो नाइट, सेलेस्ट. तिन्हींबद्दल मित्रांनी त्याला एकच सांगितलं, "भयंकर कठीण आहे बे." मग त्याने मला फोन केला, "मामा, राग कोन्त्यात कमी येते?"

मला त्याचा प्रश्न फार आवडला. ग्राफिक्स कसे आहेत, गोष्ट कशी आहे, हे कुठेही वाचायला मिळतं. गेम अर्धवट सुटतो तो मात्र रागामुळे, आणि तो राग नेमका कुठे येतो हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून मी तिन्ही गेम तीनच गोष्टींवर तोलले. मेल्यावर पुन्हा त्याच जागी पोहोचायला किती वेळ लागतो? त्या वेळात काय करायला लावतात? आणि मेलो तेव्हा चूक काय झाली, ते कळतं का?

ही मोजपट्टी मला फार पूर्वी सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत सापडली. तेव्हा आम्ही तिथे तासाचे पैसे भरून जीटीए सॅन अँड्रियास खेळायचो. त्यातलं आगगाडीचं मिशन आमच्या पिढीतला कोणी विसरलेला नाही. आपण बाइक चालवायची, मागे बसलेला आपला साथीदार बिग स्मोक आगगाडीच्या टपावरच्या चौघांवर गोळ्या झाडणार. ते निसटले की मिशन फेल. मग पुन्हा त्याच्या घरापर्यंत गाडी हाका, तोच संवाद ऐका, मग पाठलाग. तासातला निम्मा वेळ रस्त्यातच जायचा आणि शेजारचा पोट्टा "वेळ झाला" म्हणत खुर्चीला टेकून उभा राहायचा. आम्ही बाइक आगगाडीला चिकटवून चालवत होतो. थोडं उजवीकडे, अंतर ठेवून चाललं की स्मोकला नेम धरता येतो, हे गेम कुठेही सांगत नव्हता. 2021 साली नव्याने काढलेल्या आवृत्तीत मिशन लगेच पुन्हा सुरू करायची सोय आली. मिशन तेच आहे, पण तो जुना राग आता येत नाही.

आता भाच्याच्या यादीकडे.

सेकिरो हा तलवारबाजीचा गेम 2019 साली आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्स ह्या पुरस्कारांमध्ये सर्वोत्तम ठरला. त्यात सोपी पातळी निवडायची सोय नाही. दुसऱ्या गेममध्ये बॉस, म्हणजे वाट अडवणारा तगडा शत्रू, मरत नसेल तर मागे जाऊन आपल्या पात्राची लेव्हल वाढवता येते, इथे ती पळवाट जवळजवळ बंद आहे. वाराची ताकद वाढते ती मोठे बॉस मारल्यावर. म्हणजे शिकायचं तुम्हालाच.

मी सगळ्यात जास्त अडकलो तो आशिना किल्ल्याच्या माथ्यावरच्या गेनिचिरो नावाच्या बॉसपाशी. तो अंगावर आला की मी मागे पळायचो. मागे पळालं की तो बाण सोडतो आणि तेवढ्या वेळात त्याचा ढळलेला तोल पुन्हा सावरतो. सेकिरोत रक्त काढण्यापेक्षा समोरच्याचा तोल मोडणं महत्त्वाचं असतं, आणि त्यासाठी त्याच्या जवळच उभं राहावं लागतं. वार नेमक्या क्षणी अडवला तर पात्यांचा खणखणीत आवाज येतो, मोठी ठिणगी उडते. जरा चुकलं तर आवाज बद्द येतो. ह्या दोन आवाजांतला फरक कानात बसला की निम्मं युद्ध जिंकलं. पण आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असतो, आणि मी चार दिवस कूलरच्या घरघरीतच खेळत होतो. पाचव्या दिवशी हेडफोन लावला आणि त्याच रात्री पहिले दोन टप्पे पार झाले. तिसऱ्यात तो वीज फेकतो. ती उडी मारून हवेतच अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत वार करून त्याच्यावर परत सोडायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रात्री दीड वाजता खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आणि इतक्या वेळा मेलो, तरी परत त्याच्यासमोर जायला फारसा वेळ लागत नव्हता. चूक काय झाली हेही प्रत्येक वेळी कळत होतं. असा राग मी कितीही सोसेन.

तरी सेकिरोत चीड आणणाऱ्या तीन गोष्टी आहेत, आणि त्या घेण्याआधी माहीत हव्यात. एक, कॅमेरा. भिंतीच्या कोपऱ्यात सापडलात की कॅमेरा गोंधळतो, समोरच्यावरची पकड सुटते आणि काय लागलं ते दिसतच नाही. दोन, छोटे बॉस. त्यांच्याभोवती शिपाई असतात आणि तुम्ही मेलात की तेही पुन्हा उभे राहतात, म्हणून दर खेपेला आधी त्यांना एकेक करून लपतछपत निपटवा. हा तर सीताबर्डीचाच रस्ता झाला. तिसरी गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते. मेल्यावर जवळचे निम्मे पैसे आणि गोळा केलेला निम्मा अनुभव जातो. कधीकधी नशिबाने वाचतो, पण वारंवार मेलात तर गेममधल्या माणसांना खोकल्याचा रोग होतो आणि वाचण्याची ती शक्यताही घटते. ज्याला मदतीची गरज जास्त, त्यालाच ती कमी मिळते.

हॉलो नाइटचा राग अगदी वेगळा आहे. 2017 चा हा गेम टीम चेरी नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या छोट्याशा गटाने केला, आणि त्याचं जमिनीखालचं राज्य तिन्हींमध्ये सर्वांत मोठं आणि सुंदर आहे. तिथे डोकं फिरतं ते चालण्याने. बाकावर बसलात की तिथला मुक्काम पक्का, मेल्यावर तिथेच उठायचं. जिथे मेलात तिथे तुमची काळी सावली सगळी कमाई घेऊन थांबते. तिला मारली तर पैसे परत. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले.

सोल मास्टर नावाच्या बॉसपाशी ह्याचा कळस होतो. बाकापासून त्याच्या दालनापर्यंतची वाट लांब, चढाची आणि मध्ये उडणाऱ्या जादूगारांची. तिथवर पोहोचेपर्यंतच एकदोन घाव लागलेले असतात. मग लढाई. तो कोसळतो, तुम्ही श्वास सोडता, आणि तो उठून जमीन फोडत तुम्हाला खालच्या दालनात घेऊन जातो. पहिल्यांदा मी तिथेच मेलो, कारण हात की-बोर्डवरून काढला होता. ती फसवणूक मला आवडली, गोष्टीला शोभणारी आहे. त्यानंतर पुन्हा ती वाट चढणं मात्र नाही आवडलं. लढाई शिकायला मिळते दोन मिनिटं आणि त्यासाठी चालायचं तेवढंच किंवा जास्त.

नकाशाचंही तसंच. नव्या भागात नकाशा नसतो. गुणगुणत बसलेला कॉर्निफर शोधा, त्याच्याकडून विकत घ्या, आणि पुढे शोधलेली जागा त्यात भरली जाते ती बाकावर बसल्यावरच. काहींना हे जाचक वाटतं. मला नाही. आईसोबत इतवारीतल्या गल्ल्या मी अशाच शिकलो, चार वेळा चुकून.

सेलेस्टबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यात तक्रारीला जागाच कमी आहे. 2018 चा गेम, एक मुलगी डोंगर चढते, एवढंच. तीन गेमपैकी मरणं सर्वांत जास्त इथेच, शेकड्यांनी. पण मेल्यावर सेकंदभरात त्याच पडद्याच्या सुरुवातीला पुन्हा उभे. पैसे जात नाहीत, वाट चालावी लागत नाही. मेल्याचा आकडा दिसतो, पण गेम स्वतःच सांगतो की त्याची लाज बाळगू नका. कड्यावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडी मारता येते, म्हणजे बोट किंचित चुकलं तरी गेम सांभाळून घेतो. शिवाय असिस्ट मोड आहे: वेग 50 टक्क्यांपर्यंत कमी करा, दमणं बंद करा, हवं तर मरणंच बंद करा. चीड येते ती चौथ्या भागातल्या वाऱ्यात, उडी नेमकी मारूनही तो मागे ढकलतो तेव्हा. की-बोर्डवर तिरकी झेप घेताना बोटं अडखळतात, तेव्हा उसना का होईना कंट्रोलर मिळवावा.

मोबाइलवरच्या फुकट गेमबद्दल एवढंच. कँडी क्रशमध्ये पाच जीव आणि प्रत्येक परत मिळायला 30 मिनिटं. संपले की अडीच तास थांबा, नाहीतर पैसे भरा. तिथे राग हाच विकायचा माल आहे. भाच्याने पैसे साठवून एक पूर्ण गेम घ्यायचं ठरवलं ते म्हणूनच बरं.

आता लॅपटॉप. त्याच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हॉलो नाइट आणि सेलेस्ट त्यावर सुखाने चालतील. सेकिरोला कार्ड लागतं, आणि कार्ड असलं तरी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, 45 अंशांत लॅपटॉप तापला की चित्र अडकायला लागतं. वार अडवायचा क्षणच चुकतो. तेव्हा चूक आपली की यंत्राची हेही कळत नाही, आणि सेकिरोची सगळी मजा तर त्या कळण्यातच आहे.

स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. सेलेस्टचा अंदाज त्या वेळात नक्की येतो, सेकिरोचाही बराचसा. हॉलो नाइटचा येत नाही. पहिले दोन तास तो संथ वाटतो, अंगात अजून झेप नसते, आणि ज्या चालण्यावर पुढे राग येणार आहे तेही अजून आलेलं नसतं. त्याला दहा तास द्यायची तयारी असेल तरच घ्यावा.

भाच्याला सीईटीच्या अभ्यासातून दिवसाला अर्धा तास मिळतो. अर्ध्या तासात सोल मास्टरपर्यंत चार फेऱ्या होतील, सेलेस्टमध्ये पाचसहा पडदे पार होतील. मी त्याला सेलेस्ट घ्यायला सांगितलं आहे. हॉलो नाइट निकाल लागल्यावर, सुट्टी उरली तर. आणि सेकिरो खेळायला त्याने हिवाळ्यात माझ्याकडे यावं. माझ्या मशीनला कार्ड आहे, कूलर तेव्हा बंद असेल, आणि गेनिचिरोच्या तलवारीचा आवाज हेडफोनशिवायही ऐकू येईल.