चाकं आवडली, पण भोकं जुळेनात: अडॅप्टर, नवी भोकं की सरळ दुसरी चाकं?

क्रेटावाला मोठी चाकं बसवतो आणि त्याच्या मूळच्या सोळा इंची अलॉयचा सेट टायरवाल्याच्या कोपऱ्यात येऊन पडतो. चाकं दिसायला झकास, भावही बरा, आणि आपली स्विफ्ट बाहेरच उभी. अडतं ते नटांवर. स्विफ्टला चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. क्रेटाला पाच, ११४.३ मिमीच्या. हा वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘होतं की साहेब, अडॅप्टर टाकू,’ असं ऐकायला मिळतं. होतं हे खरंच आहे, पण त्यासाठी काय काय सोसावं लागतं तेही बघा.

आधी मोजा. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांत बरोबर समोर भोक येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्निअरने घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३, ५८.८ आलं तर १००. पोलोचं ५×१०० (पाच भोकं, १०० मिमी पीसीडी) आणि ऑक्टाव्हियाचं ५×११२ नुसत्या नजरेला सारखंच वाटतं, त्यामुळे ‘बसेल बहुतेक’वर पैसे देऊ नका. चाकाचं मधलं भोकही मोजा: स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या मधल्या भागाला, ५४.१ मिमी लागतं, क्रेटाच्या चाकाला ६७.१ असतं. मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग टाकता येते, लहान असेल तर चाक हबवर चढणारच नाही.

आता अडॅप्टर. जाड अ‍ॅल्युमिनियमची चकती. ती गाडीच्या मूळ स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) नटांनी आवळायची आणि चकतीतल्या नव्या स्टडवर चाक. मूळ नट चकतीच्या आत पूर्ण बुडायला हवेत, त्यामुळे ती फार पातळ करता येत नाही. साधारण २० मिमी धरा. इथेच हिशेब फिरतो. चाकावर ईटी (ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते) ४५ कोरलं असेल, तर २० मिमीच्या अडॅप्टरने ते २५ झालं. म्हणजे प्रत्येक चाक २० मिमी बाहेर. मागे तिघं बसले की टायर फेंडरला घासतो, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि त्र्यंबक रोडवर पावसाळ्यात टायरने उडवलेला चिखल थेट दारांवर.

स्टेपनीचा विचार मात्र फारसं कोणी करत नाही. डिकीत ती मूळ पीसीडीचीच असते, म्हणजे अडॅप्टरवर बसत नाही. कसारा घाटात रात्री पंक्चर झालं तर आधी चाक काढा, मग अडॅप्टर. त्याचे नट खोल खाचेत. गाडीसोबत आलेला पाना तिथे शिरत नाही, पातळ भिंतीचं सॉकेट लागतं. त्यात लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियमची चकती दोन पावसाळ्यांत एकमेकांना अशी धरतात, की हातोडीशिवाय सुटत नाहीत. अडॅप्टर घेणार असाल तर ते सॉकेट आजच डिकीत टाका.

नाशिककरांना आणखी एक मोह असतो. अंबड-सातपूरला सीएनसीवर काय बनत नाही? ओळखीच्या शॉपमध्ये ड्रॉइंग दिलं की चार चकत्या तयार! मापाबद्दल मला शंका नाही. आपले टर्नर मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळतात. शंका मालाची आहे. ठोकळा ६०६१-टी६ या मजबूत अ‍ॅल्युमिनियमचा आहे की भंगारातून ओतलेला, स्टड १०.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचे आहेत की हार्डवेअरच्या दुकानातले, हे माप सांगत नाही. मटेरियल सर्टिफिकेट मिळत नसेल तर ओळख असूनही नको म्हणा.

चाकालाच नवी भोकं पाडणं मी बादच करतो. कारखान्यातूनच आठ भोकांची, दोन पीसीडींची चाकं येतात, ती ठीक. पण जुनी भोकं वेल्डिंगने बुजवून नवी पाडणं म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली ताकद नेमकी नटांच्या भोवतीच घालवणं. पॉलिश केल्यावर काही दिसत नाही, आणि धोकाही तोच. हब आणि डिस्कला नवी भोकं पाडणं हौसेच्या प्रोजेक्ट गाडीला एक वेळ चालेल; रोजच्या गाडीत प्रत्येक नवी डिस्क, प्रत्येक नवा ड्रम घेऊन लेथवाल्याकडे जावं लागेल.

वॉबल बोल्ट म्हणजे ज्याची बैठक थोडी बाजूला सरकते असा बोल्ट. त्याबद्दल मत थोडं मऊ आहे, पण एकाच बाबतीत. फियाट पुंटो आणि लिनिया ४×९८ च्या; त्या मापाची चाकं शोधणं जिकिरीचं. ४×१०० चाक घेतलं तर प्रत्येक बोल्ट फक्त १ मिमी सरकतो, तेवढं वॉबल बोल्ट सांभाळून घेतो. अट एकच: चाक मध्यावर धरायला ५८.१ ची हब रिंग हवीच, कारण वॉबल बोल्ट चाक मध्यावर आणत नाही. यापेक्षा जास्त फरकाला हा उपाय नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. पीसीडी आरसीवर नसतो, म्हणून पेठ रोडच्या आरटीओत कोणी चाक उघडून बघणार नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र बघतो. बदल आधी लेखी कळवलेला बरा.

मग घ्यायचं काय? स्विफ्ट, बलेनो, आय२० किंवा सिटीवाल्यांना अडॅप्टरच्या भानगडीत पडायचं कारणच नाही. ४×१०० मध्ये इतकी चाकं मिळतात की क्रेटाचा सेट विसरायला आठवडा पुरे. पोलोवाल्याची अडचण खरी. ५×१०० मध्ये निवड कमी. तरी आता व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक याच पीसीडीच्या आहेत आणि त्यांच्या मालकांनी काढून ठेवलेली चाकं विकायला येतात. ऑक्टाव्हियाच्या चाकांच्या मोहात पडण्याआधी तिथे शोधा. मात्र ईटी आणि टायरचं माप ताडून घ्या.

हे सगळं वाचूनही अडॅप्टरच हवा असेल, तर हबवर नीट बसणारा, मधली कड असलेला घ्या. नट न्यूमॅटिक गनने आवळू देऊ नका, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना मागा. मग सिन्नरला जाऊन या, गाडी गार होऊ द्या, आणि चाकं काढून आतले नट पुन्हा तपासा. बाहेरचे तपासून भागत नाही. सैल होतात ते आतले, आणि ते चाक असेपर्यंत दिसत नाहीत.