अरानेट ४: अभ्यासिकेच्या हवेचा मीटर, एका मालकिणीचा अनुभव

सदाशिव पेठेत माझी २४ जागांची मुलींची अभ्यासिका आहे. बहुतेक जणी एमपीएससीच्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे ‘काकू, दुपारी इथे फार जडजड वाटतं’ हे ऐकल्यावर आधी आकडा बघावासा वाटला. भाच्याने परदेशातून येताना अरानेट ४ हा हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणून दिला. लॅटव्हियात बनतो. रुपयांत किंमत पाच आकडी होते, म्हणून हा मजकूर थोडा सविस्तर लिहिते.

यंत्र तळहातावर मावतं. दोन पेन्सिल सेलवर चालतं, चार्जरची भानगड नाही. पडदा किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्रासारखा, उन्हातही वाचता येतो. कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब एवढंच दाखवतं. कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) हिरवं, १४०० पर्यंत पिवळं, पुढे लाल. मागचे आकडे मोबाइलवर ब्लूटूथने येतात आणि आलेख दिसतो. मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा आलेखच. कारण नुसतं ‘लाल’ बघून काही कळत नाही, कधीपासून लाल आणि कशामुळे हे कळायला हवं.

आमचा हॉल ३० बाय १६ फूट, उंची १०. दोन स्प्लिट ए.सी., दारं-खिडक्या बंद. सकाळी कुलूप काढताना आकडा ४५० च्या आसपास, म्हणजे जवळपास बाहेरच्याइतकाच. जागा भरल्या की रेघ सरळ वर. जेवणाच्या सुट्टीआधी २४००. यात नवल नाही. शांत बसलेलं माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि स्प्लिट ए.सी. बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच फिरवून गार करतो. गारवा आहे म्हणजे हवा ताजी आहे, असं अर्ध्या पुण्याला वाटतं. उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो. त्यावरून मुलींना सांगितलं, की २४०० ला तुमच्या दर वीस श्वासांतला एक दुसरीने सोडलेला असतो. त्यानंतर ‘काकू, खिडकी नको, गाड्यांचा आवाज येतो’ ही तक्रार बरीच कमी झाली! पेंग याच वायूमुळे येते असा माझा दावा नाही, डब्यातला भातही असतो. पण एकीची सर्दी सगळ्या रांगेला का लागते ते मात्र या आकड्यावरून समजतं. १००० पीपीएमची मर्यादा काही नवी नाही. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी ती १८५८ मध्येच सुचवली होती.

उपाय साधा केला. माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा मिळाली, तर आकडा हजाराच्या आत राहतो. २४ जणींना तासाला सुमारे ८६५ घनमीटर. म्हणून बारा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, ‘पंखा लावला की झालं’. झालं नाही. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट लागते. बंद हॉलमध्ये ती दाराच्या फटीतून, म्हणजे बाथरूमच्या बाजूने यायला लागली. वास सगळ्यांनाच आला, पण आकडाही जेमतेम १७०० पर्यंतच उतरला. मग समोरच्या भिंतीत, बोळाकडच्या खिडकीच्या वरच्या तावदानाजागी जाळी बसवून घेतली. आता सगळ्या जागा भरलेल्या असल्या तरी, पंखा मधल्या गतीवर ठेवून, १०५० ते ११०० राहतो. पंखा पूर्ण गतीवर नेला तर आवाजाने मुली वाचू शकत नाहीत, म्हणून थोडं पिवळं चालवून घेतलं आहे.

विजेचं बोलायला हवं. एप्रिलात बाहेर ३६ आणि आत २६ अंश असताना एवढी हवा आत घेतली, तर ए.सी.वर साधारण पाऊण टनाचा जादा बोजा पडतो. बिल वाढलंच. जाणाऱ्या गार हवेकडून येणारी गरम हवा थंड करून घेणारी यंत्रं मिळतात, पण माझ्या हॉलला तो खर्च पेलणार नाही. छताचे पंखे चालू ठेवून ए.सी. २६ वर ठेवते. आणि मीटर बघून, सकाळी पाच-सहा जणीच असताना एक्झॉस्ट बंदच ठेवते. मीटरचे पैसे वसूल होतात ते अशा ठिकाणी.

उणीव एकच, पण मोठी: हा मीटर धूळ मोजत नाही. डिसेंबर-जानेवारीत पेठेतली सकाळची हवा कशी असते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा आकडा छान हिरवा असतो आणि जाळीतून पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक धूळ, खुशाल आत येत असते. त्यासाठी हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा, प्युरिफायर वेगळा लागतो. प्युरिफायर विकणारे हे उलट बाजूने सांगत नाहीत, की त्याने कार्बन डायऑक्साइड एका पीपीएमनेही कमी होत नाही.

स्वस्त मीटर बघत असाल, तर डब्यावर ‘एनडीआयआर’ लिहिलंय का ते आधी बघा. तो सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला यावरून खरा वायू मोजतो. दीड-दोन हजारांतले बरेच मीटर इतर वाफांवरून अंदाज बांधतात. दुकानात तपासायला सॅनिटायझरचे दोन थेंब कापसावर घेऊन जवळ धरा, तोंड मात्र लांब ठेवा. आकडा उसळला तर पैसे खिशातच ठेवा. आणि घरी वापरायचा असेल तर अरानेटएवढा महाग घ्यायची गरज नाही. एनडीआयआरचा साधा मीटर सोसायटीत चार घरांनी मिळून घ्यावा. बेडरूममध्ये रात्रभर ठेवून आलेख बघितला, की पुढच्या घरी देता येतो.