दंडाएवढी पेशी : शाळेसाठी घेतलेला शरीराचा तक्ता

यवतमाळच्या बाजारातून शाळेसाठी मानवी शरीराचा तक्ता घेतला, 280 रुपयांना. वर ठळक अक्षरांत 'मराठी माध्यम'. लॅमिनेशन जाड आहे. आमचा वर्ग टिनाचा, पावसात एक कोपरा गळतोच, पण तक्त्याला काही झालं नाही.

तक्रार शब्दांची आहे. दंडाच्या फुगीर भागाला बाण काढून लिहिलंय 'पेशी'. आठवीच्या पोरांनी आदल्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिलेल्या. एक पोरगी म्हणते, "मॅडम, येवढी मोठी पेशी रायते का?" तेव्हा उलगडलं, तक्ता मूळचा हिंदी. हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. छापणाऱ्यानं नुसतं 'मांस' उडवलं! गुडघ्यात हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला 'स्नायु' तसंच ठेवलंय. हिंदीत ते चालतं, मराठीत तो अस्थिबंध.

मग रविवारी चिकनवाल्याकडून कोंबडीचे चार पाय मागून आणले, सोमवारी वर्गात नेले. कापलेल्या टोकाशी पांढरी दोरी दिसते. ती चिमट्यानं ओढली की बोटं मिटतात. ही कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी. आपल्या टाचेमागे हाताला कडक लागते तीही कंडराच. पोरं तासभर पंजे मिटवत बसली, तक्त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

खरा राग 'नस' या शब्दाचा. निळ्या रेषेलाही नस, पिवळ्या रेषेलाही नस. आमच्या गावात आधीच सलाईन नसेत लागते, कमरेत नस दबते अन् रात्री पोटरीची नस चढते. पहिली रक्त नेणारी शिरा, दुसरी संदेश नेणारी चेता, तिसरा तर आखडलेला स्नायू. हा गोंधळ तक्त्यानं सोडवायचा, की भिंतीवर टांगायचा?

तक्त्यावरच्या नंबरवर फोन केला. "मॅडम, हिंदी-मराठी सारखंच तं आहे." शेवटी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून मीच नावं लिहिली.

एक मात्र सांगते. एरवी धमन्या लाल दाखवतात, फुप्फुस धमनी निळी दाखवलीय, ती चूक नाही. आमचे एक सर तिच्यावरही पट्टी लावायला निघाले होते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, आत रक्त कसंही असो. फुप्फुसाकडे जाणारं तर ऑक्सिजन कमी असलेलंच, म्हणून निळा रंग.

पाचपैकी दोन तारे. त्यातला दीड लॅमिनेशनचा.