बडोद्यात बसून नॅशनल डिजिटल लायब्ररी वापरली, खूप कामाची आहे

आयआयटी खरगपूरने तयार केलेली ही लायब्ररी फुकट आहे हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं! आमच्या लायब्ररीत पोस्टर होतं पण ते वाचतंय कोण, शेवटी तिथल्या ताईंनी टेबलांवर क्यूआर कोड चिकटवले आणि शेजारी बसून मोबाइलवर रजिस्टर करून दिलं तेव्हा कुठे पोरं वापरायला लागली. भाषेत मराठी निवडली की मराठी पुस्तकं वेगळी दिसतात, हे फार आवडलं. काही गोष्टींना सबस्क्रिप्शन लागतं, तेवढं आधी बघा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं, मग पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव जायची, तसंच काम ताई करतायत असं वाटलं. गुरुवारी परत शिकवणार आहेत, आईला घेऊन जातेय.