केमोनंतरच्या महिन्यांचा डबा : लोकमान्य नगरातील एका घरगुती सेवेविषयी

इंदुरात घरपोच डबा मिळणे मुळीच कठीण नाही. शिकवणीच्या वर्गांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांमुळे भंवरकुआच्या परिसरात तर गल्लोगल्ली डबे चालतात, आणि राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर या मराठी वस्तीच्या भागांत आमटी, पोळी, उसळ असा आपल्या चवीचा डबा देणारी घरेही पुष्कळ आहेत. परंतु केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकतीच संपलेल्या माणसाच्या गरजा समजून घेऊन त्याप्रमाणे रोजचा स्वयंपाक बदलणारी सेवा मला एकच सापडली, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. स्तनाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन असे तिन्ही उपचार झाले. केमोच्या पहिल्या टप्प्यापासून आजपर्यंत मी लोकमान्य नगरातील एका गृहिणीकडून डबा घेत आले आहे. त्या एका वेळी मोजक्याच रुग्णांचे जेवण करतात आणि नावाची जाहिरात नको असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून येथे त्यांचा उल्लेख त्यांच्या सगळ्या ग्राहकांप्रमाणे ‘काकू’ असाच करते.

आमच्या घरात स्वयंपाक मीच करत असे, त्यामुळे मी आजारी पडल्यावर स्वयंपाकघरच बंद पडले. यजमान भात लावू शकतात, चहा करू शकतात. त्यापुढचे त्यांना जमत नाही. शिवाय प्रश्न केवळ श्रमांचा नव्हता. केमोच्या काळात फोडणीचा वास सहन होत नाही. गरम पदार्थाच्या वाफेबरोबर वास जास्त पसरतो, आणि मोहरी तडतडली की दोन खोल्या पलीकडे असलेल्या माणसाला मळमळू लागते. घरात फोडणी होतच नाही आणि तरीही जेवण घरचे असते, हा बाहेरून येणाऱ्या डब्याचा पहिला मोठा लाभ आहे. ज्या कुटुंबात स्वयंपाक करायला दुसरे कोणी आहे, त्यांनीही निदान केमोच्या सलाईननंतरच्या पहिल्या आठवड्यापुरता याचा विचार करावा, असे मी मनापासून सुचवेन.

काकूंच्या सेवेचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या पहिल्याच प्रश्नात दिसते. तिखट किती चालेल, पोळ्या किती लागतील, हे त्या नंतर विचारतात. आधी विचारतात, “ताई, सलाईन कोणत्या तारखेला झाले? पुढचे केव्हा आहे?” ती तारीख त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिली जाते आणि त्यावरून डबा ठरतो. मला आधी ‘लाल सलाईन’ होते. डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल रंगाचे असल्यामुळे त्याला सगळे रुग्ण हेच नाव देतात. या औषधानंतरचे पहिले काही दिवस मळमळीचे असतात, त्यानंतर तोंड येते, आणि साधारणपणे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात भूक परत येते, आणि ती आली न आली तोच पुढच्या सलाईनची वेळ होते. म्हणजे एकाच माणसाला तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या प्रकारचे जेवण लागते. सर्वसाधारण डबेवाल्याला ‘पेशंटचे जेवण’ म्हटले की कमी तिखटाची खिचडी एवढेच सुचते, आणि ती सलग पंधरा दिवस आली की खिचडीचाच तिटकारा येतो.

काकूंकडे मळमळीच्या दिवसांत थोडे थोडे आणि कोमट किंवा गार असे येते : मीठ-जिरे घातलेली तांदळाची पेज, कोरडा फुलका, भाजलेल्या रव्याचा सैल सांजा, आमसुलाचे पातळ सार. एका मोठ्या जेवणाऐवजी चार लहान वाट्या असतात, आणि त्या केव्हाही उघडाव्यात अशी अपेक्षा असते. तोंड आलेले असते तेव्हा आमसूल, लिंबू, टोमॅटो आणि मिरची पूर्णपणे बंद होतात, कारण आंबट पदार्थ मळमळीत जेवढा सुखावतो तेवढाच तोंडातल्या फोडांना झोंबतो. त्या दिवसांत मुगाचे कढण, दुधात शिजवलेली गव्हाची खीर, मऊ भात आणि ताजे, आंबट न झालेले दही येते. हा फरक मला कोणी समजावून सांगितला नव्हता. तो डब्यातूनच कळला. तिसऱ्या आठवड्यात मात्र काकू खऱ्या अर्थाने जेवण पाठवतात : मेथीची पातळ भाजी, वरण, पोळी, पनीर घातलेली भाजी आणि पूर्ण उकडलेले अंडे. कमावता येईल तेवढे बळ याच आठवड्यात कमवायचे असते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते योग्य आहे.

प्रथिनांचा त्या नीट हिशेब ठेवतात, हे विशेष नमूद करते. उपचारांच्या काळात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या बाईला याचा अर्थ साठ ते नव्वद ग्रॅम होतो, आणि आपल्या नेहमीच्या वरणभातातून एवढे मिळणे अवघड असते. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असली तरी वाटीभर पातळ वरणात मूग असतातच किती? म्हणून काकू कढण घट्ट करतात, भाजीत पनीर किसून घालतात, आणि अंडे चालत असेल तर रोज एक पाठवतात, ज्यातून सहा ग्रॅमची भर पडते.

स्वच्छतेच्या बाबतीत मी फार काटेकोर होते आणि प्रत्येकाने असावे. सेवा सुरू करण्यापूर्वी यजमानांनी त्यांचे स्वयंपाकघर पाहून घेतले आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही तपासला. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात, त्यामुळे शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते खाल्ले गेले पाहिजे किंवा फ्रिजमध्ये गेले पाहिजे. भाताच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात ते पुन्हा वाढीला लागतात. काकूंचा डबा घराजवळच्या ग्राहकांना अर्ध्या तासात पोहोचतो. अन्नपूर्णा मार्गाच्या पलीकडे, लांबच्या वसाहतींत त्या डबा देतच नाहीत, आणि नकाराचे कारणही स्पष्ट सांगतात. मला या नकारामुळे त्यांच्याविषयी अधिक विश्वास वाटला.

इंदुरी माणसाला या काळात सर्वांत जड जाते ते बाहेरचे खाणे सोडणे. सकाळचे पोहे-जिलबी, रात्रीच्या सराफा बाजारातले खाणे, छप्पन दुकान ही खाऊगल्ली, थंडीतला गराडू हा तळलेला कंद हे सगळे बंद होते. पोहे घरी करता येतात हे खरे, पण त्यांवरची शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि जिरावण हा इंदुरी मसाला यांशिवाय ते आपले पोहे वाटत नाहीत. पांढऱ्या पेशी कमी असताना नेमक्या याच गोष्टींपासून जपावे लागते, कारण त्या शिजल्यानंतर वरून घातल्या जातात. काकूंनी यावर जो उपाय काढला तो मला फार आवडला : त्या जिरावण फोडणीतच घालून परततात, कांदा पोह्यांबरोबर पूर्ण शिजवतात आणि शेव घरी तळतात. चव तंतोतंत तीच येत नाही. पण पोह्यांच्या वाटीला इंदूरचा वास येतो, आणि अनेक दिवसांनी एखादा पदार्थ मागून खावासा वाटणे ही या आजारात लहान गोष्ट नाही. येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. कच्चे सगळेच वर्ज्य करणाऱ्या अतिकडक आहारामुळे संसर्ग कमी होतात, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. आज भर दिला जातो तो स्वच्छ धुणे, पूर्ण शिजवणे आणि योग्य तापमान राखणे यांवर. त्यामुळे साल काढलेले केळे किंवा स्वच्छ धुऊन सोललेले सफरचंद यांना घाबरण्याचे कारण नाही, आणि काकूही ती डब्याबरोबर देतात. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेला तर मात्र डब्यात काय होते याची चर्चा न करता त्याच वेळी रुग्णालयाला फोन करावा.

डब्याच्या भांड्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. लाल सलाईननंतर मला पॅक्लिटॅक्सेल देण्यात आले, आणि या औषधाने हातापायांची बोटे बधिर होतात. तीन पुडांच्या स्टीलच्या डब्याची घट्ट कडी अशा बोटांनी उघडत नाही, आणि उघडलीच तर भांडे किती तापलेले आहे हे बोटांना कळत नाही. त्यातच शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढलेल्या असल्या की त्या बाजूच्या हाताला भाजणे, कापणे टाळावे लागते, कारण त्या हातावर कायमची सूज येण्याचा धोका असतो. मी ही अडचण सांगितल्यावर काकूंनी कडीचा डबा बंद करून सैल झाकणाच्या, दोन्ही बाजूंना धरायला कान असलेल्या पसरट वाट्या कापडी पिशवीतून पाठवायला सुरुवात केली, आणि डबा आणणाऱ्या मुलाला तो फाटकाला न अडकवता आत ओट्यावर ठेवायला सांगितले. तोंडात सतत धातूची चव येते तेव्हा स्टीलचा चमचा नकोसा वाटतो. त्यासाठी त्या लाकडी चमचा देतात. एखादी नवी सेवा निवडताना पदार्थांच्या यादीइतकेच या गोष्टींकडे लक्ष द्यावे.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. एका आठवड्यात डब्याबरोबर गुळवेलीचा काढा आला, ‘प्रतिकारशक्तीसाठी, मोफत’ असे सांगून. मी तो घेतला नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातील डॉक्टरांनीच कोविडच्या काळात नोंदवली आहेत, आणि केमोची अनेक औषधे यकृतावाटेच शरीराबाहेर जात असताना असा काढा डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे. स्वयंपाकातल्या हळदीची गोष्ट वेगळी; चिमूटभर हळद अन्नच आहे, तिचा अर्क असलेल्या गोळ्या मात्र औषधासारख्या वागतात. मी काकूंना हे सांगितले, त्यांनी ऐकून घेतले आणि काढा थांबवला. तरीही हेतू कितीही चांगला असला तरी ज्या सेवेवर आजारी माणसे विसंबतात तिने अन्नाच्या पुढे जाऊन औषध देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. दुसरी तक्रार गोडाची आहे. बळ येण्यासाठी खीर, शिरा, लाडू असा त्यांचा ओघ असतो, आणि मळमळ कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे ज्यांची साखर वाढते त्यांना तो चालणार नाही. मधुमेह असेल तर आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. रविवारी संध्याकाळी डबा मिळत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या रुग्णासाठी ती उणीव मोठी आहे.

उपचार संपल्यावर डबा बंद करावा असे मला वाटत होते, परंतु पुढच्या महिन्यांत त्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे झाला. उपचार संपले म्हणजे माणूस पूर्ववत झाला, असा नातेवाइकांचा समज असतो. प्रत्यक्षात थकवा कित्येक महिने टिकतो आणि दुपारचा स्वयंपाक केला तर दिवसाचे सारे बळ त्यातच संपते. आता मला कर्करोग परत येऊ नये म्हणून दिली जाणारी लेट्रोझोलची गोळी चालू आहे, जिने हाडे विरळ होत जातात, म्हणून डब्यात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि दही वाढले आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. माळव्याच्या ताटात नाचणीला फारसे स्थान नाही, पण काकूंचे माहेर कोकणातले असल्यामुळे त्यांची भाकरी मऊ आणि न तुटणारी होते. खीर गेली, ज्वारी आणि पालेभाज्या आल्या, तुपाचे प्रमाण कमी झाले. कारण या टप्प्यावर वजन घटण्यापेक्षा वाढण्याची काळजी अधिक असते.

एका वेळच्या डब्याचे १५० रुपये होतात. साध्या डब्यापेक्षा हा दर बराच जास्त आहे, आणि ज्यांचे उपचारांवर आधीच पुष्कळ पैसे गेले आहेत त्यांना तो जाणवेल. म्हणून सरसकट रोज न घेता सलाईननंतरचे पहिले दहा-बारा दिवस घ्यावा, असा माझा सल्ला आहे. काकू असे तुटक दिवसही स्वीकारतात आणि पैसे तेवढ्याच दिवसांचे घेतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू असलेल्यांना मात्र ही सेवा पुरेशी पडेल असे मला वाटत नाही. त्यांची लाळ आटलेली असते, गिळणे अवघड असते, घास किती पातळ किंवा घट्ट असावा हे गिळण्याच्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे लागते, आणि कधी नळीवाटे आहार द्यावा लागतो. हे काम घरगुती स्वयंपाकघराचे नाही, आणि काकू अशा रुग्णांना स्वतःच नाही म्हणतात. डबा सुरू करण्याआधी दोन दिवसांची पूर्वसूचना लागते. फोन सकाळी अकराच्या आत करावा, आणि करताना सलाईनची तारीख, चालू औषधांची नावे आणि शेवटच्या रक्ततपासणीचा कागद जवळ ठेवावा, कारण काकू या तिन्हींविषयी विचारतातच.