कील उतरवून बसवली, असं बिलावर लिहिलं होतं

जुनी शिडाची बोट घेणाऱ्या किंवा दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितो आहे. आमच्या बोटीची कील, म्हणजे बुडाखाली बोल्टांनी जोडलेला जड भाग, उतरवून, सांधा साफ करून नव्याने बसवली, असं सांगून आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले गेले. प्रत्यक्षात कील जागची हललीसुद्धा नव्हती. सांध्यातल्या भेगेत लुकण भरून वर रंग मारला होता आणि आत जुन्याच गंजक्या बोल्टांवर नवे चकचकीत नट चढवले होते. त्याच अवस्थेत आम्ही ती बोट मुलाबाळांसह गोल्डन गेट पुलाबाहेर, खुल्या समुद्रात नेत होतो. माझा राग पैशांपुरता नाही, तो यासाठी आहे.

आम्ही पुण्या-ठाण्याकडचे चौघे मित्र, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात राहणारे. भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून शिडाचं वेड आमच्या डोक्यात होतं. पुढे चौघांत मिळून १९८०च्या दशकातली तीस फुटी फायबरग्लासची बोट घेतली. इथे अशा बोटी मुबलक आणि त्या मानाने स्वस्त मिळतात. पण उन्हाळ्यात दुपारनंतर या खाडीत २०-२५ नॉटचा वारा रोजचा असतो, आणि बोट चांगलीच कलंडते. त्या वेळी तिला सरळ ठेवते ती बुडाखाली लटकलेली सुमारे दोन टनांची शिशाची कील. आणि ती कील बुडाला धरून ठेवतात फक्त काही बोल्ट.

घेताना सर्व्हेयरने, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाने, अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की कील आणि बूड यांच्या सांध्यात पुढच्या बाजूला भेग आहे, कील उतरवून बोल्ट तपासावेत. जुन्या कॅटलिना ३० बोटींवर ही भेग इतकी सर्रास दिसते की इथले लोक तिला ‘कॅटलिना स्माइल’च म्हणतात. पण ती कोणत्याही कंपनीच्या जुन्या बोटीला पडू शकते. नुसत्या भेगेने घाबरायचं कारण नाही. सांध्यावरचं कडक फिलर वर्षानुवर्षांच्या हालचालीने तडकतं, एवढाच कधी कधी तिचा अर्थ असतो. प्रश्न असतो आत पाणी शिरलंय का, हा.

पाणी शिरलं असेल तर काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच लपते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. सांध्यात अडकून साचलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे थर मोडतो आणि बोल्ट नेमका सांध्याच्या पातळीवर खंगत जातो. वरचं टोक बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, स्वच्छ, खालचं टोक शिशात शाबूत, आणि मध्ये कंबर बारीक झालेली. बिल्जमध्ये टॉर्च मारून कितीही पाहिलं तरी ते दिसत नाही.

अहवाल घेऊन आम्ही खाडीकाठच्या एका बोटयार्डकडे गेलो. नाव देत नाही. तिथला माणूस बोलायला अतिशय नम्र होता. आमच्यासमोर त्याने भेगेत पाते घालून दाखवलं, डोकं हलवलं, म्हणाला, “हे उतरवावंच लागेल, वरवर करून चालणार नाही.” दर चांगलाच वर होता. पण काम नीट होणार म्हणून आम्ही निम्मे पैसे आधी दिले. मग त्याने फोटो पाठवले: बुडापासून वेगळी झालेली कील, वर उभे बोल्ट, घासून स्वच्छ केलेलं शिसं. बिलावर लिहिलं होतं: कील उतरवली, बोल्ट तपासले, नट-वॉशर बदलले, सीलंट नवं, बोट पाण्यात सोडली. बाकी पैसे देऊन आम्ही बोट घेऊन आलो.

पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बिल्जमध्ये पाणी दिसू लागलं. पावसाचं असेल म्हणून जिभेला लावून पाहिलं तर खारट. नव्या वॉशरांच्या कडेने तांबूस ओघळ आले होते. दुसऱ्या यार्डात बोट उचलली आणि तिथल्या सर्व्हेयरबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही: “खाली ठेवू नका, उचलायच्या पट्ट्यांवरच लटकत राहू द्या.” हे कारण प्रत्येक बोटवाल्याने लक्षात ठेवावं. बोट जमिनीवर कीलवर टेकवून ठेवली की तिचंच वजन सांधा दाबून बंद करतं. पट्ट्यांवर लटकत असताना कीलचं वजन खाली ओढतं आणि सैल सांधा उघडतो. दोघांनी कीलचं खालचं टोक धरून आडवं ढकललं, तशी रंगाला बारीक चीर गेली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागलं.

मग बाईंनी छिन्नीने रंग खरवडला. खाली पांढरं कडक लुकण. लुकणाखाली, भेगेच्या आतल्या कडेला, आधीच्या मालकाच्या काळातला जुना लाल रंग. सांधा कधी उघडलाच गेला नव्हता याचा याहून मोठा पुरावा नको. तरी पुढे अजून निघालं. फोटोतल्या कीलवर सगळे बोल्ट जोडीजोडीने होते. आमच्या बोटीत मधली एक जोडी सोडली तर सगळे एका रांगेत आहेत. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीचे होते. आणि बिलावरच्या तारखा: बोट वर काढल्यापासून पाण्यात सोडेपर्यंत आठवडासुद्धा झाला नव्हता. या कामाला वापरतात त्या ३एम ५२००सारख्या पॉलियुरेथेन सीलंटला पूर्ण धरायलाच जवळपास आठवडा लागतो. शिवाय बोल्ट बुडाच्या आत वर आलेले असतात, म्हणजे कील सुटायला बोट तेवढी उंच उचलून धरावी लागते. त्या उचलण्याचे पैसे बिलात कुठेच नव्हते.

नट आवळून पाहिले तेव्हा दोन बोल्टांवर टॉर्क रेंच (ठरलेला जोर आला की क्लिक करणारा पाना) क्लिक होईना, नट नुसता फिरत राहिला. कील खरोखर उतरवल्यावर कळलं, त्यांतला एक सांध्यापाशी करंगळीपेक्षा बारीक झाला होता. दुसरा हाताने हलवताच तुटला.

हे वाचून कोणी म्हणेल, इतकं काय, बोट तर बुडाली नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही जेमतेम ४० फुटी ब्रिटिश बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली. बोटीवरचे चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालात, पूर्वी तळाला टेकल्यामुळे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे बुडाचा आतला आधार सुटला असण्याची आणि ते कुणाच्या लक्षात न आल्याची शक्यता मांडली आहे. कील सुटली की बोट काही क्षणांत उलटते. लाइफ जॅकेट शोधायलाही वेळ मिळत नाही. भेगेवर लुकण फासणाऱ्या माणसाला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी त्याने ते फासलं.

आम्ही कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या, न्यायालयात गेलो. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो आणि वकील उभा राहत नाही, आपणच बोलायचं असतं. सर्व्हेयरबाईंचा लेखी अहवाल, तुटलेला बोल्ट, लाल रंगाचे फोटो आणि बिलाच्या तारखा एवढ्यावर निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे हप्त्यांनी येत आहेत. खरी दुरुस्ती मात्र त्याहून महाग पडली: शिशात नवे बोल्ट बसवणं, सांधा दोन्ही बाजूंनी उघड्या शिशापर्यंत आणि उघड्या फायबरग्लासपर्यंत घासणं, बिल्जमध्ये मोठ्या जाड वॉशर-पट्ट्या, आणि काही दिवस पाण्यात राहिल्यावर नट पुन्हा टॉर्कने आवळणं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. “काम पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही” असं नुसतं तोंडी म्हणून चालत नाही. बिल थकलं तर यार्डला बोट अडकवून ठेवण्याचा कायदेशीर हक्क असतो. त्यामुळे जे ठरवायचं ते काम सुरू होण्याआधी, कागदावर. आम्ही दुसऱ्या यार्डाशी केलेल्या करारात हे शब्दशः होतं, हवं तर उचला: कील बुडापासून वेगळी झाली की सांधा झाकण्याआधी मालकाला किंवा त्याच्या सर्व्हेयरला बोलावलं जाईल. त्या वेळी प्रत्येक बोल्टचा फोटो काढला जाईल आणि त्या फोटोत बोटीचा नोंदणी क्रमांक दिसेल. काढलेले सगळे जुने नट, वॉशर आणि बोल्ट मालकाला परत दिले जातील. कोणतं सीलंट कोणत्या तारखेला लावलं आणि प्रत्येक नट किती टॉर्कला आवळला, हे बिलावर लिहिलं जाईल. शेवटचा हप्ता, एकूण रकमेच्या किमान एक तृतीयांश, बोट पाण्यात परतल्यानंतर आणि नट दुसऱ्यांदा आवळून झाल्यानंतरच देय होईल.

नम्र माणसाच्या यार्डाला यातलं एकही कलम मान्य झालं नसतं. दुसऱ्या यार्डाच्या मालकाने कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि सही केली.