सायबर पुराव्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण: एका सरकारी वकिलाचा अभिप्राय

न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्यासाठी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये झालेल्या या प्रशिक्षणाला मी गेले, कारण मागच्या वर्षी एका पेन ड्राइव्हपायी तोंडघशी पडले होते. दुकानातलं सीसीटीव्ही फुटेज, चोर ढळढळीत दिसतोय. पण पंचनाम्यात हॅश नाही (हॅश म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो), इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र नाही. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "ही कॉपी कोणी केली, कधी केली?" तपास अधिकारी माझ्याकडे बघायला लागले आणि मी फायलीकडे.

पहिल्या दुपारचं हॅशचं सत्र एकदम झकास. फॉरेन्सिकच्या मॅडमनी पडद्यावर एक ओळ टाइप केली, "५००० रुपये मिळाले." तिची एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश काढली, ६४ अक्षरांची माळ. मग फक्त पूर्णविराम पुसला. पुन्हा काढली तर अख्खी माळच वेगळी! एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून परत उतरवला. दिसायला तोच, हॅश दुसरी. हॉलमध्ये कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हणालं. कुठल्या रांगेतून ते सांगत नाही, पुढच्या दोन रांगा न्यायाधीशांच्या होत्या.

सर्वोच्च न्यायालयाचा अर्जुन खोतकर निकालही (२०२०) छान उलगडला. प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचं, पण झळ आम्हा सगळ्यांना: मूळ उपकरण हजर केलं नाही, तर प्रमाणपत्राशिवाय कॉपी पुराव्यात येत नाही. या प्रमाणपत्राचं जुन्या पुरावा कायद्यातलं कलम पासष्ट-बी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग, अ पुरावा देणाऱ्याचा, ब तज्ज्ञाचा. हॅश लिहायची जागा नमुन्यात छापूनच आलीय.

गाडी अडली ती इथंच. मी विचारलं, खेड्यातल्या किराणा दुकानाच्या फुटेजसाठी भाग ब वर सही करायला तज्ज्ञ आणायचा कुठून? "चहानंतर घेऊ," म्हणाले. चहा झाला, नंतर तीन तास डार्क वेब, म्हणजे इंटरनेटचा लपलेला कोपरा! माझ्याकडे येतात त्या ओटीपीच्या आणि खोट्या केवायसीच्या केसेस. डार्क वेबवाला आरोपी मी अजून पाहिलेला नाही.

आणि पुढे काय? समारोपाचा फोटो निघाला, संपलं. मॅडमची बदली झाली की विद्याही त्यांच्यासोबत जाणार. काटोल, उमरेड, रामटेक, प्रत्येक कोर्टातला एकेक जण शिकवण्यापुरता तयार केला असता, सहा महिन्यांनी उजळणी ठेवली असती, तर खर्च वसूल झाला असता. गेल्या खेपेलाही फीडबॅक फॉर्मवर मी हेच लिहिलं होतं.

नाश्त्याला पोहे होते, तर्री नव्हती. नागपुरात हे माफ नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या बॅचला जाणार असाल तर आपली एखादी अडलेली केस सोबत न्या आणि प्रश्न चहाच्या आधीच विचारा. लॅपटॉप नेणार असाल तर मागे बसा, प्लग पॉइंट तिकडेच आहेत.